बासरीवरचा दोरा

आबा, तुमची बासरी तडकलेली नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण मंडळातलं कोणी तिकडे तुम्हाला भेटलं तर नेमकं उलटं सांगेल. गेल्या गौरी-गणपतीच्या आधी मीच सगळ्यांना सांगितलं, की बोरिवलीच्या कार्यक्रमात हॉलच्या एसीने बासरीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. ढोलकीवाल्याने कपाळाला हात लावला, "वाट लागली ना यार," म्हणाला. कोरसातल्या दोघांनी तर असे चेहरे केले, जणू तुम्ही आजच गेलात. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि त्या वेळी तुमची बासरी घाटकोपरला आपल्या घरात, आईच्या कपाटात, ठेवणीतल्या साड्यांच्या घडीत ठणठणीत पडलेली होती. मी पन्नाशीला आलेला माणूस, केस पिकले, आणि शाळेतल्या पोरासारखा थापा मारत होतो. का, ते सांगतो. ऐकून घ्या, मधे बोलू नका. तुमची ती सवय मला ठाऊक आहे.

तुम्ही गेल्यावर काय झालं हे तुम्हाला कसं कळणार? सुतक फिटल्यावर मंडळाचा पहिला शक्ती-तुऱ्याचा कार्यक्रम होता. समोर तुरेवाले, इकडे आपण शक्तीवाले, एकाच स्टेजवर गाण्यातून सवाल आणि गाण्यातूनच जवाब, सगळं तुमच्या वेळेसारखंच. पडदा उघडायच्या आधी गणपतीसमोर ढोलकी, झांजा आणि तुमची बासरी मांडली. नारळ ठेवला. शाहीरकाका गाऱ्हाणं घालायला पुढे झाले आणि नेहमीचे शब्द सोडून भलतंच बोलले. "देवा म्हाराजा, माजा बासरीवाला गेला. त्याची बासरी जवर धड हाय, तवर ह्या मंडळाची गायची पट्टी बदलायची न्हाय. ह्यो माजा शब्द." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मीही म्हणालो. मी तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा, तुमची बासरी पहिल्यांदाच स्टेजवर घेऊन निघालेला. मला इतकं भरून आलं, की पहिल्या गणात फुंकच नीट लागेना. तेव्हापासून आपलं मंडळ पांढरी पाचमध्ये, पेटीच्या त्या उंच पट्टीत, गातं आहे. ढोलकीवाले बदलले, कोरस बदलला, नाचणाऱ्यांची पोरं नाचायला लागली, पण पट्टी तीच. दुसऱ्या मंडळातले लोक म्हणायचे, यांची पट्टी म्हणजे देवाची शपथ. आणि ती खरोखरच शपथ होती.

पण ती पट्टी आली कुठून, हे तुमच्या-माझ्याशिवाय फारसं कोणाला आठवत नसेल. मला स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही मिलमधून आलेले आहात, मोरीच्या उंबऱ्यावर बसला आहात, आणि तुमच्या पुढ्यात नव्या बासऱ्या आहेत. शाहीरकाका ओट्याला टेकून उभे आहेत आणि आई भाकरी थापता थापता म्हणतेय, "जरा बाजूला उभे राहून गा की, पिठात थुंकी उडते." काका एक ओळ गातात. तुम्ही एक बासरी लावता, मान हलवता, ती बाजूला ठेवता, दुसरी घेता. "परत म्हण. वरचा सूर धर, पण ओरडू नको." काका परत म्हणतात. त्यांचा गळा तेव्हा असा होता, की खालच्या मजल्यावरची माणसं वर येऊन दारात उभी राहायची. शेवटी एक बासरी तुम्ही त्यांच्या सुरालगत लावलीत, आणि दोन्ही आवाज असे मिसळले, की भाकरी तव्यावर करपली तरी आईला कळलं नाही. "ही," तुम्ही म्हणालात. ती पांढरी पाच. म्हणजे आबा, बासरी त्यांच्या गळ्यासाठी घेतली होती. गळा बासरीसाठी नव्हता. हे वाक्य मी मनात कितीदा घोळवलं असेल. त्याच्याच आधाराने मी पुढचं सगळं केलं.

माझं काम तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी शिकत होतो. मी कवळ्या बनवतो. घाटकोपरला स्टेशनच्या पश्चिमेला दोन खोल्यांची लॅब आहे, दाताचे डॉक्टर मापं पाठवतात, मी आणि माझा भागीदार दात बसवून देतो. शाहीरकाकांची कवळीसुद्धा माझ्याच हातची. गेल्या जूनमध्ये ते कवळी हिरडीला लागते म्हणून घासून घ्यायला आले आणि खुर्चीत बसून राहिले. कवळी घासून झाली, चहा झाला, तरी उठेनात. मग बोलले, तर आवाज असा फुटका, की आधी मला वाटलं कवळी काढल्यामुळे असेल. कवळी तोंडातच होती. म्हणाले, मुलुंडच्या घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, गळ्यातल्या स्वरतंतूंवर गाठी आल्यात. असंच वर ओढत राहिलात तर गाणं सोडा, पाणी मागायलाही आवाज उरणार नाही. खालच्या सुरात, बेताने गायलात तर चालेल. "मंडळात कोणाला बोलू नको," काका म्हणाले. मी म्हणालो, "काका, मग पट्टी उतरवू या ना. त्यात काय एवढं?" तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना धर्म बदलायला सांगितला. "शब्द दिलाय रे. तुज्या बापाशीला दिलाय, देवासमोर दिलाय." मी चिडलो. म्हणालो, "बापाला दिलाय ना? मग मी त्याचा मुलगा, मी सोडवतो." ते हसले, खोकले आणि म्हणाले, "तू कोण सोडवणार? तुज्या बापाशीची बासरी फुटत न्हाय आणि माजा शब्द सुटत न्हाय." आणि पिशवी उचलून गेले.

मुलुंडच्या नाट्यगृहातला सामना गणपतीनंतरच्या रविवारी दुपारी होता. समोर तुरेवाल्यांचा नवा शाहीर, तिशीतला, बोरिवलीचा, गळा लोखंडी आणि जीभ त्याहून. त्याच्यासमोर काका पांढरी पाचमध्ये तीन तास गाणार, म्हणजे काय होणार हे मला दिसत होतं. ते मधेच अडकतील, समोरचा त्यावर कडवं रचेल, लोक हसतील, आणि काका हट्टाने आणखी वर ओढतील. त्या दिवशी आवाज जाईल तो कायमचा. त्या म्हाताऱ्याकडे दुसरं काय आहे आबा? मुलगा विरारला, सून बोलत नाही. गाणं आहे म्हणून माणसं शाहीर म्हणतात. मला झोप लागेना. शेवटी एका तालमीला मी बासरी न घेताच गेलो आणि ती थाप मारली.

थाप मारली की तिच्यामागे धावावं लागतं. नवी बासरी हवी होती. बांबूची नको, असं मंडळानेच ठरवलं; आजकाल सगळे हॉल एसीचे, बाहेर दमट आणि आत सुकं, पुन्हा चीर जायची. ढोलकीवाला म्हणाला, "ते सिंथेटिकमध्ये मिळतात ना रे हल्ली, लाकडासारखे दिसणारे? एकदम झकास. बघ की." एका दुपारी अंधेरीला गेलो. औद्योगिक वसाहतीतला वरच्या मजल्यावरचा गाळा, खाली डबे बनवायचा कारखाना, जिन्यात तेलाचा वास. आत एक पंचविशीतली मुलगी लेथवर दांडे कातत होती. माझं तोंड बघूनच म्हणाली, "बांबूवाले ना तुम्ही? सगळे असंच तोंड करून येतात. आधी वाजवा काका, मग बोला." आणि हातातली बासरी तिने सरळ फरशीवर टाकली. मी बासरी धरायला वाकलो, आबा, जसं कोणी मूल पाडलं म्हणून वाकावं. बासरी दोनदा उडाली आणि भिंतीशी जाऊन थांबली. "टेन्शन नका घेऊ, फुटत नाही," मुलगी म्हणाली. "साबणाने धुवा, गाडीच्या डिकीत विसरा, काही होत नाही. उन्हात तापली तर सूर थोडा वर चढतो, तेवढं सांभाळा. आणि तेल लावायचं नाही हां. ही तेल पीत नाही, नुसती बोटं घसरतील." तेल लावायचं नाही, हे ऐकून मला का कोण जाणे वाईट वाटलं. तुम्ही खास मोहरीचं तेल आणायचात, आई त्याच्या वासाने नाक मुरडायची, आणि रविवारी सकाळी तुम्ही चिंधीने बासरी अशी चोळायचात, की आई म्हणायची, आम्हाला कधी एवढं हातात धरलं नाही.

तिच्याकडे तीन तऱ्हा होत्या. पातळ नळीच्या हलक्या बासऱ्या, बोटांना सोप्या, पण वरचा सूर कानाला टोचायचा आणि खालचा सा पोकळ. दुसऱ्या काळ्याभोर, जाड आणि जड, सूर भरीव, पण तासाभराने डावं मनगट भरून येईल, आणि स्टेजवर पोलिसाचा दांडका घेऊन उभं राहिल्यासारखं दिसेल. तिसऱ्या तपकिरी, अंगावर लाकडासारख्या रेषा, भरीव दांड्यातून कातलेल्या, भिंत बांबूइतकीच जाड, मधे सांधा, म्हणजे दोन तुकडे करून पिशवीत राहणाऱ्या. मी फुंकायच्या भोकाची कड अंगठ्याने तपासली, कवळीची तपासतो तशी. आमच्या धंद्यात चांगली कवळी कोणती याची एकच खूण आहे: जी घातल्यावर माणूस जेवताना जेवणाबद्दल बोलतो, कवळीबद्दल नाही. मी तसंच पाहायचं ठरवलं. आपला जुना गण वाजवला. पातळ नळीवर मी सारखा नळीचाच विचार करत होतो. काळीवर मनगटाचा. तपकिरीवर दुसऱ्या ओळीला मला एकदम काकांची मान आठवली, सूर लागला की ती डावीकडे कलते तशी, आणि मी वाजवायचा थांबलो. मुलगी म्हणाली, "झालं ना? कुठली पट्टी देऊ?" फळीवर सगळ्या पट्ट्या ओळीने उभ्या होत्या. पांढरी पाचही होती. मी तिला हात लावला नाही. "पांढरी तीन," म्हणालो, दोन पट्ट्या खालची. तीच बासरी, पण लांब, भोकं दूरदूर, माझ्या आखूड बोटांना ताण देणारी. मुलगी म्हणाली, "काका, बोटं पुरतात का बघा." मी म्हणालो, पुरवतो.

तालमीत मी दुसरी थाप मारली, की कंपनीकडे हीच पट्टी शिल्लक होती. ढोलकीवाला उसळला, "पांढरी तीन? अरे आपण सामन्याला चाललोय की बाळाला झोपवायला?" मी म्हणालो, ढोलकी उतरव आणि गप वाजव. शाहीरकाका खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "फुटली म्हणतोस ना? मग माजा शब्द संपला. पण शब्द देवासमोर दिला, तर देवासमोरच सोडवायचा. मुलुंडला येताना ती फुटकी बासरी घेऊन ये. पूजेला मांडू. मी गाऱ्हाणं घालतो, की देवा, बासरी फुटली, आता रजा दे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नव्या बासरीचा सांधा सोडवत बसलो. धड बासरी पूजेला मांडली तर सगळ्यांसमोर खोटा ठरणार, आणि काका पुन्हा पांढरी पाचला चिकटणार. नेली नाही तर रजा मिळणार नाही. आणि नेऊन काहीतरी झाकपाक केली, तर देवासमोर, काकांच्याच तोंडून, खोटं वदवणार.

घरी आलो तर आई दारातच. तिला आता गुडघ्यांनी चालवत नाही, पण माझ्याशी भांडायला ती उभी राहते. "सकाळपासून मंडळातल्या बायकांचे फोन येतायत. बासरी गेली म्हणून रडतायत. मी काय सांगू त्यांना? मी तर आत्ताच तेल लावून ठेवली." मी तिला सगळं सांगितलं, काकांच्या गळ्याचं, शब्दाचं, पूजेचं. ती पलंगावर बसली. मला वाटलं, आता तुमचं नाव काढून रडेल. तर म्हणाली, "देवासमोर खोटं बोलणार असशील तर मला नेऊ नको. एक तर खरं सांग, नाहीतर ती खरी फोड. मधलं काही मला सांगू नको." मी म्हणालो, "आबांची बासरी फोडू?" ती म्हणाली, "मग म्हाताऱ्याचा गळा फोड." आणि कपाट उघडून, साड्यांची घडी बाजूला करून, तुमची बासरी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी ती लॅबवर घेऊन गेलो. जेवणाच्या सुट्टीत भागीदार खाली उतरला. आमच्या टेबलावर वस्तू घट्ट धरायला लोखंडी व्हाइस आहे. मी तुमची बासरी पंच्यात गुंडाळून त्याच्या जबड्यात ठेवली आणि हँडल फिरवून जबडा तिला टेकवला. एक पिळा, की काम झालं असतं. खोटं उरलं नसतं, काकांचा गळा वाचला असता, आई मुलुंडला आली असती. पंचा थोडा सरकला होता आणि भोकांच्या कडा दिसत होत्या, तुमच्या बोटांनी गुळगुळीत झालेल्या. मला तुम्ही रागावला होतात तो दिवस आठवला. मी बारा-तेरा वर्षांचा आहे, स्टेजमागे तुमच्याबरोबर उभा, तुम्ही मला एक छोटी बासरी दिली आहे आणि कोरसामागून दोन ओळी वाजवायची परवानगी. मी ओळीच्या मधेच श्वास तोडतो. खाली उतरल्यावर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणता, "श्वास पुरणार नसेल तर ओळीत शिरू नको. शिरलास तर पुरी कर." मी कितीतरी दिवस तुमच्याशी बोललो नव्हतो. लॅबमध्ये हँडलवर हात ठेवून मी तेच स्वतःला म्हणत होतो. शिरलास तर पुरी कर. आणि माझ्याने होईना. मी जबडा सैल केला, बासरी बाहेर काढली, पंच्यासकट पिशवीत घातली, आणि कोणाच्यातरी खालच्या दातांची पंगत लावत बसलो. दोन दात वाकडे बसले.

शनिवारी दुपारी मी आईकडे लाल दोऱ्याचं रीळ मागितलं. तडकलेल्या बासरीला माणसं दोरा बांधतात, चीर पुढे जाऊ नये म्हणून, हे तुम्हीच मला दाखवलं होतं. मी खिडकीशी बसून बासरीला एका टोकापासून दोरा गुंडाळायला लागलो, घट्ट, एकाला एक लागून. आई समोर बसून तांदूळ निवडत होती. तिला कळलं मी काय करतोय. हे तिचं 'मधलं'च होतं, जे सांगू नको म्हणाली होती. मी काही सांगितलं नाही. दोऱ्याचं रीळ सारखं घरंगळत होतं. थोड्या वेळाने तिने ताट बाजूला सारलं, रीळ उचललं आणि माझ्यासमोर धरून बसली, दोऱ्याला ताण राहावा म्हणून. शेवटची गाठ मारताना तिने बोट ठेवलं. मग म्हणाली, "उद्या मला कुठली साडी नेसायला सांगतोस?"

मुलुंडला स्टेजमागे गणपतीचा पाट मांडला होता. नव्या बासरीकडे लोक येऊन येऊन बघत होते, कोणी टिचकी मारून बघत होतं. मी तुमची बासरी पाटावर ठेवली, लाल दोऱ्यात. दोघातिघांनी हात जोडले. शाहीरकाका आले, वाकले, आणि नमस्कार करायचा सोडून त्यांनी बासरी उचलली. त्यांनी दोऱ्याच्या दोन पदरांमध्ये अंगठा घातला आणि बांबूवरून हळूच फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, डोळे मिटून. आई माझ्या मागे होती, तिने माझा सदरा मुठीत धरला. आता हा माणूस सगळ्यांसमोर विचारणार, चीर कुठे आहे? काकांनी डोळे उघडले. माझ्याकडे झुकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "गाठ अजून घट्ट मार. सुटली तर लोकांना दिसंल." आणि बासरी माझ्याकडे दिली. मी गाठ घट्ट मारली. माझी बोटं मला दिसत नव्हती, इतके डोळे भरले होते.

मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं. मी दात आवळून उभा होतो, आता ते फुटली म्हणणार आणि मला 'व्हय' म्हणावं लागणार. ते म्हणाले, "देवा म्हाराजा! ह्या मंडळात एक बासरीवाला होऊन गेला. त्याने माज्या गळ्याचा सूर बघून बासरी घेतली. मी येडा, मी गळाच तिच्या दावणीला बांधला."

"व्हय म्हाराजा!"

"आज त्याच्या पोराने ती तुज्या पायाशी ठेवलीय. तिचा काय झाला, काय न्हाय झाला, ता तुला दिसता. मी सांगायला नको."

"व्हय म्हाराजा!"

"माजा शब्द मला परत दे. आणि पोराचा काय चुकला असंल, तर ता माज्या पदरात घाल."

"व्हय म्हाराजा!" त्यात एक बाईचा आवाज सगळ्यात मोठा होता. वळून बघायची गरज नव्हती. नारळ फुटल्यावर काकांनी नवी बासरी हातात घेतली, ती टेबलाच्या कडेवर ठोकून बघितली आणि मंडळाला म्हणाले, "आणि ऐका रे, हिच्यावर कोणी शब्द देऊ नका. ही फुटायची न्हाय." सगळे हसले. मी हसायला जरा उशीर केला.

पडदा उघडला. पांढरी तीनचा सा मी लावला तेव्हा मला तुम्हाला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटलं, हे लपवत नाही. तो सूर तुमचा नव्हता. इतकी वर्षं फुंक मारली की तुम्ही शेजारी उभे असायचात, आणि आता शेजारी कोणी नव्हतं, नुसती ताणलेली बोटं. मग काकांनी ओळ उचलली. आबा, त्या माणसाच्या गळ्यात खाली एवढी जागा होती, हे आपल्याला कोणालाच ठाऊक नव्हतं. आवाज घोगरा होता, म्हातारा होता, पण ओढ नव्हती, भीती नव्हती, शब्द न् शब्द मागच्या रांगेपर्यंत जात होता. पण सामना तो सामनाच. दुसऱ्या फेरीत बोरिवलीच्या शाहिराने नव्या बासरीकडे हात करून टोमणा मारला, की बांबू टाकून प्लास्टिकची पिपाणी धरली, शक्तीवाल्यांनी परंपरा विकली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ढोलकीवाला माझ्याकडे बघायला लागला, मी काकांकडे. ते जागेवरच उभे होते, तोंड बंद, आणि मला वाटलं, झालं, अडकले. मग त्यांनी सगळ्यांसमोर तोंडात बोट घालून वरची कवळी काढली, उंच धरून लोकांना दाखवली, परत बसवली, आणि उचललं:

"दात माझे नकली, तरी ऊस सोलतो रं,
बासरी कशाची असो, श्वास बोलतो रं!"

नाट्यगृह डोक्यावर घेतलं लोकांनी. समोरचा शाहीरसुद्धा हसत सुटला, त्याने तिथूनच हात जोडले. मी ती ओळ तोडली नाही. त्यांनी धरली तितका वेळ मीही धरली, शेवटपर्यंत. घरी जाताना आई म्हणाली, "तुझे आबा असते तर म्हणाले असते, बरं वाजवलं." तुम्ही असं कधी म्हणाला नसतात, हे तिलाही माहीत आहे.

काका आता गातात. बेताने, खाली, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे. नवी बासरी मी नळाखाली धुतो, पुसतो, पिशवीत टाकतो. तुमची आईच्या कपाटात आहे, साड्यांच्या घडीत, लाल दोऱ्यात. हा कागदही मी तिथेच ठेवणार आहे, दुसरीकडे पाठवायचा तरी कुठे? पण ठेवण्याआधी एक राहिलं. पहिल्या ओळीत मी तडकलेली नाही असं लिहिलं. लॅबमध्ये त्या दुपारी, जबडा सैल करायच्या आधी, हँडल माझ्या हाताखाली किंचित पुढे सरकलं होतं आणि बारीक असा 'कट्' आवाज आला होता. तो व्हाइसचा होता की बासरीचा, मला माहीत नाही. मी तेव्हा पंचा उलगडून बघितलं नाही, आणि दोरा गुंडाळताना खिडकीकडेच बघत होतो. मुलुंडला काकांच्या अंगठ्याला काय लागलं, तेही मी विचारलं नाही. ती धड असेल तर काकांचा शब्द अजून उभा आहे, आणि तडकली असेल तर ती मी तडकवली. दसऱ्याला आईने तिला दोऱ्यावरूनच तेल लावलं आणि विचारलं, "आता सोडायचा का रे हा?" मी म्हणालो, "राहू दे गं, घट्ट बसलाय."